यकृत बिघडले, तर गव्हाचीही चौकशी करा

रक्ततपासणीत एसजीपीटी हे यकृताचे एन्झाइम वाढलेले दिसले की श्रीरामपुरात काय किंवा मुंबईत काय, संशय आधी दारूवर जातो, मग यकृतावरच्या चरबीवर, मग 'बी' आणि 'सी' काविळीवर. हा क्रम योग्यच आहे. बहुतेकांचे कारण तिथेच सापडते. पण यातले काहीच न निघता आकडे महिनोन् महिने चढेच राहिले, की रुग्णाच्या हाती लिव्हरचे टॉनिक पडते, नाहीतर तो कावीळ उतरवणाऱ्याकडे जातो. तिथे थांबण्याआधी सिलिॲक रोगाची रक्तचाचणी एकदा झालीच पाहिजे. या रोगात गहू आणि सातूतल्या ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. उपचार न झालेल्या प्रौढांपैकी सुमारे 40 टक्क्यांत यकृताची एन्झाइम वाढलेली आढळली आहेत आणि ग्लूटेन बंद केल्यावर बहुतेकांची वर्षभरात खाली येतात. फिनलंडमधून 2002 साली गंभीर यकृतविकार असलेल्या चार सिलिॲक रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांतल्या तिघांना प्रत्यारोपणाच्या विचारासाठी पाठवले होते. पथ्याने चौघांचेही यकृत सुधारले. रुग्ण चारच, त्यामुळे सरसकट निष्कर्ष काढता येणार नाही. पण चुकलेल्या निदानाची किंमत केवढी असू शकते, हे त्यातून कळते.

हा उत्तरेकडचा आजार, आपल्याकडे कशाला शोधायचा, असे कुणी म्हणेल. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या, 23 हजारांहून अधिक प्रौढांच्या भारतीय पाहणीत उत्तरेत 1.23 टक्के लोकांत या रोगाची प्रतिपिंडे सापडली, तर दक्षिणेत अवघ्या 0.10 टक्के. मात्र रोगाला पोषक जनुके दोन्हीकडे जवळपास सारख्याच प्रमाणात होती; मोठी तफावत होती ती रोजच्या गव्हात. बाजरीच्या भाकरीची जागा चपाती, पाव, टोस्ट आणि बिस्किटांनी घेतलेल्या नगर जिल्ह्याला दक्षिणेचा आकडा दिलासा देऊ शकत नाही. तरीही प्रत्येकाची चाचणी करा, असे मी म्हणत नाही. कारण न सापडलेल्यांची करा. ती करण्याआधी गहू सोडू नये, नाहीतर निकाल फसवा येतो. यकृतविकारात प्रतिपिंडे खोटीही वाढू शकतात, म्हणून दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासून खात्री करावी लागते. प्रतिकारशक्तीने थेट यकृतावरच हल्ला चढवला असेल, तर नुसते पथ्य पुरत नाही, औषधेही लागतात.

निदान झाले तरी हे पथ्य गरिबाला झेपायचे नाही, हा आक्षेप मला सर्वांत कमी पटतो. पाकीटबंद 'ग्लूटेन-फ्री' पीठ महाग असेल. पण ज्वारी, बाजरी आणि तांदूळ मुळातच ग्लूटेनमुक्त आहेत. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने फुले वसुधा, फुले रेवतीसारखे ज्वारीचे वाण शेतकऱ्यांना दिले आहेत. खरी अडचण गिरणीत आहे: आधी गहू दळलेल्या जात्यावर ज्वारी टाकली की पिठात गहू आलाच. बाजारातल्या बांधणीच्या हिंगातही बहुधा गव्हाचेच पीठ असते. रुग्णाला हे डॉक्टरांनीच बजावून सांगायला हवे. आणि वैद्यकीय दाखला असलेल्या रुग्णाला रेशनवर गव्हाऐवजी ज्वारी किंवा बाजरी मिळावी, एवढी सोय पुरवठा खात्याने करावी.