ओसरता धर्म आणि त्याचा भूगोल

विज्ञान वाढले, शिक्षण पसरले, हाती पैसा आला, की धर्म आपोआप मागे हटतो, अशी एक समजूत सुशिक्षितांच्या मनात फार दिवसांपासून घर करून बसली आहे. सुधारकांना ती आशादायक वाटते, सनातन्यांना भयावह. खरी मात्र दोघेही तिला मानतात. ब्रिटनच्या अलीकडील जनगणनेचे आकडे प्रांतवार लावून पाहिले तर या समजुतीला चांगलाच धक्का बसतो.

इंग्लंड व वेल्सच्या आधुनिक जनगणनेत धर्माचा प्रश्न २००१ साली प्रथम विचारला गेला. त्याचे उत्तर देणे ऐच्छिक होते व आजही आहे. त्या वर्षी ७१.७ टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हणवले, तर १४.८ टक्क्यांनी 'कोणताही धर्म नाही' असे उत्तर दिले. २०२१ मध्ये ख्रिस्ती ४६.२ टक्क्यांवर उतरले आणि धर्म न मानणारे ३७.२ टक्क्यांवर चढले. स्कॉटलंडमध्ये २०२२ साली हेच प्रमाण ५१.१ टक्के, म्हणजे निम्म्याहून अधिक भरले. उत्तर आयर्लंडमध्ये २०२१ साली ते अवघे १७.४ टक्के होते. राजसत्ता एक, भाषा बहुतांशी एक, दूरचित्रवाणीही एकच. आणि तरीही एवढे अंतर!

शिक्षणाने व संपत्तीने धर्म जातो हे खरे असते, तर तो सर्वांत आधी लंडनमधून जायला हवा होता. सुशिक्षितांचे आणि पैशाचे ते माहेरघर. लोकवस्तीही देशाच्या मानाने तरुण. प्रत्यक्षात इंग्लंडच्या सर्व विभागांत 'धर्म नाही' म्हणणारे लंडनमध्येच सर्वांत कमी, २७.१ टक्के, आहेत. याचे कारण उघड आहे. परदेशातून आलेल्या माणसाला अनोळखी नगरीत पहिला आधार मिळतो तो मशिदीत, मंदिरात, गुरुद्वारात किंवा आफ्रिकी व कॅरिबियन लोकांच्या चर्चमध्ये. हॅरो या उपनगरात सुमारे चौथा हिस्सा लोक हिंदू आहेत आणि धर्म नाकारणारे दहा-अकरा टक्केच. ही श्रद्धा गावाकडून आणलेली खरी, पण ती टिकवून धरते ती परक्या मुलखातील गरज.

याच्या नेमके उलट चित्र दक्षिण वेल्सच्या कोळसा-खोऱ्यांत दिसते. संपत्तीच्या मानाने हा ब्रिटनचा मागासलेला भाग. परंतु केअरफिली परगण्यात ५६.७ टक्के आणि शेजारच्या ब्लायनाउ ग्वेंटमध्ये ५६.४ टक्के लोक धर्म नाही म्हणतात. आणि एके काळी हीच खोरी धर्मभावनेने भारलेली होती! १९०४-०५ साली इव्हान रॉबर्ट्‌स या पूर्वी खाणीत काम केलेल्या तरुणाच्या प्रवचनांनी वेल्समध्ये भक्तीची जी लाट उसळली, तिने एक लाख माणसे चॅपेलांकडे वळवली, असे त्या काळी सांगितले जाई. हे चॅपेल म्हणजे निव्वळ प्रार्थनागृह नव्हते. गायनमंडळ, दारूबंदीची चळवळ, प्रौढांनाही वेल्श वाचायला शिकवणारी रविवारची शाळा, हे सारे त्या एका छपराखाली चाले. आपल्याकडील एखाद्या गावचे भजनी मंडळ आणि वाचनालय एकत्र करावे, म्हणजे कल्पना येईल.

मग ते ओस का पडले? खाणी बंद पडल्या म्हणून, हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे. चॅपेलांची उतरण त्याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. त्यांचे एकेक काम दुसऱ्यांनी उचलले. कामगारांच्या वर्गणीतून सभागृहे व ग्रंथालये उभी राहिली. आजारपणात ट्रेडेगरच्या वैद्यकीय साहाय्य मंडळासारख्या संस्था धावून येऊ लागल्या. त्याच ट्रेडेगरचे सुपुत्र अनायरिन बेव्हन यांनी आरोग्यमंत्री म्हणून १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली. धर्मावर कोणी हल्ला चढवला नाही; त्याच्याकडे जाण्याचे निमित्त तेवढे उरले नाही. दुर्दैव असे की, १९८४-८५ च्या संपानंतर खाणी भराभर बंद झाल्या, तेव्हा चॅपेलच्या जागी आलेल्या संस्थांचाही आधार खचला. धर्म गेला याचे दुःख करण्याचे कारण नाही; माणसांना एकत्र बसायला जागा उरली नाही, याचे अवश्य आहे.

उत्तर आयर्लंडची तऱ्हा तिसरीच. तेथे एक जुना विनोद आहे: नास्तिक म्हणवणाऱ्यालाही विचारतात, 'ठीक आहे, पण कॅथॉलिक नास्तिक की प्रॉटेस्टंट नास्तिक?' जनगणनेने हा विनोद अक्षरशः खरा केला आहे. धर्म नाही म्हणणाऱ्यास लगेच पुढचा प्रश्न येतो, 'कोणत्या धर्मात वाढलात?' आणि त्याच्या उत्तरानंतर धर्माबाहेर उरतात ते फक्त ९.३ टक्के. नोकरभरतीत पक्षपात होऊ नये म्हणून कायद्याने मालकांना कामगारांच्या जमातीची नोंद ठेवावी लागते. दोन्ही समाजांची मुले एकत्र शिकवणारे पहिले विद्यालय, लॅगन कॉलेज, १९८१ साली निघाले, तरी बहुसंख्य मुलांच्या शाळा आजही वेगळ्याच आहेत. धर्म जेथे कुंपण होतो, तेथे श्रद्धा आटली तरी कुंपण उभे राहते.

भारतात २०११ च्या जनगणनेत ज्यांचा धर्म नोंदला गेला नाही, असे लोक सुमारे २८ लाख ६७ हजार, म्हणजे पाव टक्क्याहूनही कमी होते. हा आकडा श्रद्धेच्या दृढतेचा पुरावा म्हणून मिरवणाऱ्यांनी उत्तर आयर्लंडकडे पाहावे. विवाह व वारसा यांचे कायदे धर्मानुसार, अनुसूचित जातीचा दाखला धर्माशी बांधलेला, शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही धर्म. अशा व्यवस्थेत 'नाही' म्हणणे हे मताचे प्रदर्शन राहत नाही, तो व्यवहारातला तोटा ठरतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये 'आपला कोणताही धर्म नाही' असे सांगण्याचा नागरिकाचा हक्क स्पष्टपणे मान्य केला. परंतु इंग्लंडच्या जनगणनेत या उत्तरासाठी यादीच्या आरंभीच चौकोन असतो. आपल्या २०११ च्या अर्जात सहा धर्मांना क्रमांक होते, या उत्तराला नव्हता.

२०२७ साठी जाहीर झालेल्या जनगणनेत प्रगणक म्हणून पुन्हा बहुतांशी शिक्षकच दारोदार जातील. ओसरीवर बसलेला कर्ता धर्म सांगेल, तोच सर्वांच्या नावापुढे लिहिला जाईल. आतल्या खोलीत अभ्यास करीत बसलेल्या मुलाला असा काही प्रश्न विचारला गेला, हे बहुतेक घरांत कळणारही नाही.