मुळांचा शोध आणि मातेचा सन्मान

छांदोग्य उपनिषदातील सत्यकाम आपल्या आईला स्वतःचे गोत्र विचारतो. जबाला काहीही न लपविता आपले अज्ञान सांगते आणि गौतम ऋषी त्या सत्याच्याच बळावर त्याचा शिष्य म्हणून स्वीकार करतात. ‘मी कोणाचा?’ हा तोच प्रश्न घेऊन आज युरोपात वाढलेले प्रौढ दत्तक स्त्री-पुरुष मुंबई-पुण्यातील संस्थांच्या दारी येत आहेत. त्यांना संपत्तीत वाटा नको आहे. आपल्या जन्माची नोंद हवी आहे.

या मागणीला कायद्याचा आधार आहे. भारताने २००३ मध्ये स्वीकारलेला हेग करार जन्मदात्यांची व त्यांच्या आरोग्याची माहिती जतन करण्यास सांगतो. दत्तक नियमावली, २०२२ नुसार अठरा वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती मूळशोधासाठी स्वतः अर्ज करू शकते. मात्र मूल सोपविताना मातेने गुप्ततेची विनंती केली असेल, तर तिची संमती आवश्यक ठरते. संमती मिळाली नाही, तरी मूल कोणत्या परिस्थितीत सोपविले गेले, हे अर्जदाराला सांगावे लागते.

हा तोल योग्यच आहे. लोकलज्जेपायी एके काळी मूल सोपविणारी ती माता आज कोणाची पत्नी, कोणाची आजी असेल. तिच्या दारी अवचित अनोळखी माणूस उभा करणे हा न्याय नव्हे. इंग्लंडने १९७५ च्या कायद्याने जन्मनोंदी खुल्या केल्या, तेव्हा पूर्वी दत्तक गेलेल्यांना आधी समुपदेशकाची भेट बंधनकारक केली, ती याच जाणिवेने.

परंतु नोंदच उरली नसेल, तर हक्काला अर्थ काय? संस्था बंद पडते, कपाटातील नोंदवह्यांना वाळवी लागते आणि त्यांबरोबर एका माणसाचा आरंभ नष्ट होतो. जुन्या संस्थांचे दप्तर शासनाने ताब्यात घेऊन सुरक्षित करावे आणि जन्मदात्यांशी संपर्क केवळ प्रशिक्षित समुपदेशकांमार्फतच साधावा.

आणि दत्तक घेणाऱ्या कुटुंबांनी? मुलाला सत्य शेजाऱ्याच्या तोंडून कळण्याआधी आईवडिलांच्या मांडीवर कळावे. सत्याने नाते तुटत नाही. जबालेने ते कधीच सिद्ध केले आहे.