राक्षसी मुंग्या आणि बोंडअळी

‘अर्थ डिफेन्स फोर्स ६’ हा २०२२ साली जपानात निघालेला व्हिडिओ गेम मी बडनेऱ्यात मित्राच्या खोलीवर खेळलो. संस्कृती कोसळलेली, उरलीसुरली माणसे घराएवढ्या मुंग्यांवर गोळ्या झाडीत आहेत. मौज वाटते, कारण शत्रू दिसतो आणि गोळीने मरतो.

पण आम्ही वऱ्हाडची पोरे! आमचा शत्रू बोटाच्या पेराएवढाही नाही. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरली की फवारा तिथवर पोहोचत नाही. बीटी वाणालाही तिने पचविले. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर विष फवारताना माणसेच दगावली.

मित्रांनो, खेळ जरूर खेळा. पण ‘दिसला की झाडा’ ही वृत्ती वावरात नको. कामगंध सापळे लावणे, डिसेंबरनंतर फरदड न ठेवणे, आणि तेही साऱ्या गावाने मिळून, हीच आपली खरी लढाई आहे.