रेतीघाटातले बिनसातबाऱ्याचे रहिवासी

वर्धा जिल्ह्यात वाळूला वाळू म्हणणारा माणूस बाहेरगावचा समजावा. इथे ती रेती. ती ब्रासमध्ये मोजतात. शंभर घनफुटांचा एक ब्रास. घर बांधणाऱ्याला ती महाग वाटते, महसूल खात्याला ती रॉयल्टी वाटते आणि रात्री ट्रॅक्टर घेऊन नदीत उतरणाऱ्याला ती रोकड वाटते. त्या रेतीत कोणी राहते, हे मात्र या तिघांच्याही हिशेबात नसते.

२०२३ साली राज्य सरकारने लिलाव बाजूला ठेवून सरकारी डेपोतून ६०० रुपये ब्रासने रेती देण्याचे ठरवले. एप्रिल २०२५ मध्ये नवे धोरण आले. डेपो गेले, लिलाव परतले, घरकुलाच्या लाभार्थ्याला पाच ब्रासपर्यंत रेती मोफत मिळेल असे ठरले आणि दगड भरडून केलेल्या कृत्रिम वाळूला उत्तेजन मिळाले. दोन वर्षांत धोरण उलटे फिरले. या काळात चर्चा झाली ती भावाची आणि चोरीची. ती व्हायलाच हवी होती. पण रेती म्हणजे नदीत पडलेला निर्जीव माल, हे गृहीत दोन्ही धोरणांच्या वेळी कोणी तपासले नाही.

तो माल निर्जीव नाही. आपल्या नद्यांतले शिंपले रेतीत अर्धेअधिक रुतून बसतात आणि पाणी गाळून त्यातले कण खातात. त्यांची पिल्ले तर काही आठवडे माशांच्या कल्ल्यांना चिकटून फुकट प्रवास करतात आणि मग रेतीत उतरतात. म्हणजे मासा गेला की शिंपलाही गेला. काही चतुरांच्या अळ्या रेतीत दडून शिकार करतात. एका जातीचे किडे रेतीचे कण रेशमाने जोडून अंगाभोवती नळी बांधतात. घरकुलाचा हप्ता न घेता!

याहून नवलाची वस्ती कणाकणांमधल्या फटींत आहे. तिथे डोळ्यांना जेमतेम दिसतील असे, बहुधा रंगहीन, काही तर डोळेच नसलेले कवचधारी जीव राहतात. आंध्रातील आचार्य नागार्जुन विद्यापीठाचे वाय. रंगा रेड्डी यांनी कृष्णा आणि गोदावरीच्या काठच्या रेतीतून अशा अनेक जाती जगापुढे प्रथम आणल्या. आपली वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीला मिळते. तेव्हा हे काही परमुलखातले प्रकरण नव्हे.

हे जीव पकडण्याची शास्त्रज्ञांची रीत वाचून मला हसू आले. पाण्याच्या कडेपासून थोडे दूर रेतीत खड्डा करायचा, त्यात पाझरलेले पाणी काढायचे आणि बारीक जाळीतून गाळायचे. आपल्याकडच्या बायका उन्हाळ्यात नदीत झिरा उकरतात, तो याहून वेगळा काय? वाहत्या पाण्यापेक्षा झिऱ्याचे पाणी निवळ, हा त्यांचा अनुभव. रेतीच्या कणांवर जगणारे जिवाणू आणि ते खाणारे हे सूक्ष्म प्राणी त्या निवळपणाचे भागीदार आहेत. १८९२ साली जर्मनीत हाम्बुर्ग शहरात पटकीने आठ हजारांवर माणसे दगावली. शेजारचे आल्टोना त्याच नदीचे, तेही हाम्बुर्गची घाण मिसळलेले पाणी पीत होते, पण रेतीतून सावकाश गाळून. ते बरेचसे बचावले.

केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रेती तीन मीटरपर्यंत किंवा पाणी लागेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तिथवरच काढायची. माझ्या मते साऱ्या नियमांत हा एक नियम सोन्याचा आहे, कारण ही वस्ती मुख्यतः पाणी लागते तिथून खाली असते. आणि तोच सर्वांत आधी मोडतो. पाण्यात बोट आणि पोकलेन उतरले की हिशेब संपला.

बँकेत असताना माझ्यापुढे ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या कर्जाचे अर्ज येत, ते शेतीच्या नावाने. सोयाबीनवर न बसणारा हप्ता कुठे बसतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक असे. त्या पोरांना मी एकट्यांना चोर म्हणणार नाही. कोरडवाहूत दुसरे होते काय? पण हिशेबनिसाच्या नजरेने सांगतो, रॉयल्टी उत्पन्नाच्या रकान्यात लिहिणे ही चूक आहे. ती मुदत ठेव मोडून आलेली रक्कम आहे. पावसाळ्यात नदी नवी रेती आणते, हे व्याज म्हणू. पण सिंभोऱ्याच्या उर्ध्व वर्धा धरणाने आणि आर्वी तालुक्यातल्या निम्न वर्धा धरणाने वरून येणारी बरीच रेती अडवल्यावर व्याजाचा जुना दर कसा लागेल? आणि रेती आली तरी शिंपला काही ट्रकने येत नाही. त्याला वाढायला वर्षे लागतात.

घरे बांधायला रेती लागणारच. कृत्रिम वाळूने भार हलका होईल, गिलाव्याला ती चालत नाही अशी गवंड्यांची कुरकुर धरूनही. पण घाट लिलावात काढण्यापूर्वी जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाने तिथे दोन-तीन झिरे उकरावेत, काय सापडले ते लिहावे, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा उकरावेत. लागेल ते एक फावडे, एक बारीक जाळी, चार बाटल्या आणि महाविद्यालयात असतेच ते सूक्ष्मदर्शक. लिलावाच्या फायलीत एक कागद वाढेल, इतकेच.