तळलेलं केळं चालेल, जुनं तेल नको

पिकलेलं केळं तळून खातात, असं सांगितलं की अस्सल नागपूरकराच्या कपाळावर आठी पडते. आपल्याकडे तळायचं ते कच्चं केळं. पातळ चकत्या, वर मीठ-तिखट, म्हणजे उपवासाचे चिप्स. पिकलेलं सोलून खायचं, फार तर शिकरण करायची. पण कोकणात आणि गोव्यात राजेळी केळ्याचे जाडसर तिरके काप तुपावर परतणं ही घरोघरची गोष्ट आहे. वसईत हीच राजेळी वाळवून तिची सुकेळी करतात. तिचंच भावंड शोभेल असं केरळचं नेंद्रन केळं पिठात बुडवून तळलं की पळमपोरी होते. समुद्रापार नायजेरियात असेच काप ‘दोदो’ म्हणून भाताशेजारी वाढतात. लॅटिन अमेरिकेत त्यांना ‘मादुरोस’ म्हणतात. जगात कोट्यवधी लोकांच्या ताटात तळलेलं गोड केळं हा जेवणाचा भाग असतो, सणाचा पदार्थ नव्हे.

मधुमेहाच्या ओपीडीत मात्र हा पदार्थ नाव काढताच बाद होतो. गोड, वरून तळलेला! सरकारी रुग्णालयात एका रुग्णाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं येतात. तेवढ्यात सांगून होतं ते एवढंच: गोड बंद, तळलेलं बंद, केळं-चिकू-आंबा बंद. रुग्ण मान डोलावतो. पुढच्या महिन्यात साखर तेवढीच असते किंवा वाढलेली असते. ‘डॉक्टरसाहेब, केळं तर मी कधीचंच सोडलं,’ असं तो शपथेवर सांगतो, आणि ते खरंही असतं. थोडं खोदून विचारलं की कळतं, एकादशीला आणि श्रावण सोमवारी केळ्याचे चिप्स, साबुदाण्याची उसळ, बटाट्याचा चिवडा हे सगळं सुरू आहे. त्याच्या हिशेबी ते केळंही नाही आणि गोडही नाही. ते ‘उपवासाचं’ आहे.

म्हणून माझं मत असं आहे की ‘बंद’ या एका शब्दापेक्षा कढईचा हिशेब शिकवलेला बरा. घरी, ताज्या तेलात, मोजून केलेले केळ्याचे चार काप एखाद्या मधुमेही माणसाने महिन्यातून दोन-तीनदा जेवणात खाल्ले, तर आकाश कोसळत नाही. वाईट असतं ते न मोजलेलं खाणं. त्याहून वाईट ते जुनं तेल.

आधी केळ्याचं बघू. कच्च्या केळ्यात जवळजवळ सगळा पिष्टमय पदार्थ स्टार्चच्या रूपात असतो. केळं पिकतं तसं त्या स्टार्चची साखर होत जाते. आपल्याकडे रोज येणारं केळं बहुतांशी जळगावकडचं, रावेर-यावलच्या बागांतलं. ते पूर्ण पिकलं की त्यात स्टार्च फारसा उरत नाही. राजेळी किंवा नेंद्रन पिकल्यावरही बराच स्टार्च राखून असतं. म्हणून ते घट्ट राहतं आणि तव्यावर मोडत नाही. पण कच्चं म्हणजे निर्धोक, हा समज चुकीचा आहे. स्टार्चचीही पोटात शेवटी साखरच होते, फक्त जरा सावकाश.

आता हिशेब. सोललेलं एक राजेळी केळं साधारण दीडशे ग्रॅम भरतं. त्यात पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. अर्ध्या केळ्याचे काप म्हणजे बावीस-तेवीस ग्रॅम. एका मध्यम पोळीत जवळपास तेवढीच असतात. म्हणजे ज्या जेवणात काप खायचे, त्या जेवणातली एक पोळी कमी करायची. वर साखर भुरभुरायची नाही, पिठात बुडवायचं नाही. एवढं जमलं तर साखरेच्या बाजूने प्रश्न मिटला. एक बारकावा घरी ग्लुकोमीटर वापरणाऱ्यांसाठी. स्निग्ध पदार्थ सोबत असले की जठर सावकाश रिकामं होतं आणि साखर उशिरा वर जाते. तळलेलं खाऊन दीड-दोन तासांनी आकडा छान आला, म्हणून लगेच खूश होऊ नये.

खरी भानगड तेलाची आहे. चिप्स पातळ असतात, त्यातलं जवळजवळ सगळं पाणी उडून जातं आणि त्या जागी तेल शिरतं. कोणत्याही पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा. शंभर ग्रॅम चिप्समध्ये तीस-पस्तीस ग्रॅम स्निग्ध पदार्थ सहज निघतात, मीठ वेगळं. बैठं काम करणाऱ्या माणसाला दिवसभरात वरून घ्यायचं तेल-तूप वीस-पंचवीस ग्रॅम पुरे, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सांगितलेलं आहे. चौघांच्या घराला महिन्याला अडीच-तीन किलो. आपल्या घरी तेलाचा पिपा किती दिवसांत संपतो, हे प्रत्येकाने स्वतःशी बघावं. सांबारवडी आणि आलूबोंड्यावर वाढलेल्या आपल्या शहरात हा आकडा ऐकून बरेच जण हसतात.

प्रमाणाइतकाच महत्त्वाचा आहे तेलाचा इतिहास. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की हवा, पाणी आणि उष्णता यांनी त्याचे रेणू तुटतात. त्यातून जी संयुगं होतात त्यांना ‘पोलर कंपाउंड्स’ म्हणतात. ती पंचवीस टक्क्यांवर गेली की ते तेल वापरायचं नाही, हा नियम देशात १ जुलै २०१८पासून लागू आहे. नियम चांगला आहे, पण कोपऱ्यावरच्या कढईपर्यंत तो पोहोचल्याचं मला तरी दिसत नाही. तिथे तेल बदलत नाहीत, भर घालतात. कालच्या काळपट तेलात आजचं नवं तेल ओतलं की नवंही लवकर बिघडतं. डोळ्यांनी ओळखायचं तर खुणा सोप्या आहेत: रंग गडद, तार धरणारा चिकटपणा, कढईभर टिकून राहणारा फेस, लवकर निघणारा धूर आणि घशाला लागणारा वास.

घरीही आपण फार वेगळे वागत नाही. दिवाळीच्या चकल्यांचं तेल गंजात झाकून ठेवायचं, त्यात पुऱ्या तळायच्या, मग भजी, मग पापड. उरलेलं तेल फेकायला जीव होत नाही, हे मी समजू शकतो. फल्लीतेलाचे भाव सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यावर उपाय म्हणजे मुळात कमी तेल कढईत घालणं. तळणीचं तेल उरलंच तर गार झाल्यावर गाळावं आणि एक-दोन दिवसांत भाजीच्या फोडणीला संपवावं. पुन्हा तळणीला ते घेऊ नये.

केळ्याच्या कापांना तर कढईभर तेल लागतही नाही. पिवळं, सालीवर काळे ठिपके आलेलं पण दाबल्यावर घट्ट लागणारं राजेळी किंवा नेंद्रन घ्यावं. ते मिळालं नाही तर साधं केळं चालेल, फक्त देठाकडे किंचित हिरवं असलेलं. अर्धा इंच जाडीचे तिरके काप करायचे. लोखंडी तव्यावर एका केळ्याला दोन चहाचे चमचे तेल किंवा तूप पुरतं. हृदयविकार असेल त्यांनी तेलच घ्यावं. आच मध्यम ठेवायची. केळ्यातल्या साखरेमुळे काप लवकर करपतात, म्हणून तव्यापासून हलू नये. एका बाजूने दोन-तीन मिनिटं, मग सराट्याने उलटायचे. रंग सोनेरी आला की उतरवायचे, तपकिरी होऊ द्यायचे नाहीत. पिष्टमय पदार्थ जास्त तापून तपकिरी झाले की त्यांत ॲक्रिलामाइड तयार होतं. हे २००२ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. माणसात त्याने नेमकं किती नुकसान होतं यावर अजून वाद आहे, पण न करपवण्याला खर्च येत नाही. तळणीतलं बरंचसं तेल पदार्थ बाहेर काढल्यावर, तो निवताना आत शोषलं जातं. त्यामुळे काप काढल्या काढल्या जाळीवर किंवा कोऱ्या टिपकागदावर ठेवावेत. तुम्ही हा मजकूर वाचताय त्या कागदावर मात्र नको. छपाईची शाई खाण्यासाठी नसते.

यात अडचण एकच, हे सगळं सांगायचं कोणाला? ओपीडीत खुर्चीवर रुग्ण बसतो. बहुतेकदा तो पुरुष असतो आणि आहाराचा छापील कागद त्याच्याच हातात पडतो. तेलाची बुधली जिच्या हातात असते, ती मागे उभी राहून पिशवी सांभाळत असते. त्या दोन-तीन मिनिटांतलं एक मिनिट तिच्याशी बोलावं, तिलाही बसायला सांगावं. आठवड्याला तेल किती लागतं हे रुग्णाला विचारून उपयोग नाही, तिला ते तोंडपाठ असतं.

शेवटी एका गटाला वेगळं सांगायला हवं, कारण वरची सूट त्यांना लागू नाही. केळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. रक्तदाब असलेल्या, पण किडनी धड असलेल्या माणसाला ते उपयोगीच पडतं. किडनी कमजोर झाली असेल किंवा डायलिसिस सुरू असेल, तर हेच पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. तळल्याने ते कमी होत नाही. रामिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन यांसारख्या गोळ्यांनीही ते वाढू शकतं, आणि या गोळ्या आज कितीतरी घरांत आहेत. किडनीचा त्रास असताना अशी एखादी गोळी चालू असेल, तर तवा तापवण्याआधी क्रिएटिनिन आणि पोटॅशियमचा ताजा रिपोर्ट आणि गोळ्यांची पट्टी घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावं.