पाहुण्यांसाठी वेगळे वाय-फाय

ईदला पाहुणे आले की शीरखुर्म्याच्या वाटीबरोबर वाय-फायचा पासवर्डही मागितला जातो. नाही म्हणणे आम्हांला जमत नाही, जमूही नये. पण त्याच वाय-फायवर घरचा प्रिंटर, कॅमेरा, मुलांचा लॅपटॉप असतो. पाहुण्याच्या लॅपटॉपात व्हायरस असला, तर त्याच्या नकळत तो इथवर पोचू शकतो.

बहुतेक नव्या राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ची सोय असते. राउटरवरच्या चिठ्ठीवर सेटिंगचा पत्ता छापलेला असतो. तिथे जाऊन ते सुरू करावे, नाव आणि पासवर्ड वेगळे ठेवावेत. पाहुण्याला इंटरनेट मिळते, घरची यंत्रे दिसत नाहीत. तिथे ‘लोकल नेटवर्क’ला परवानगी देणारी खूण असेल, तर ती काढावी.

पाहुण्याच्या लॅपटॉपला हात लावावा लागत नाही. आयपी पत्ता राउटरच देतो. ही डीएचसीपी पद्धत १९९३ पासूनची. एखाद्याच्या ऑफिसच्या लॅपटॉपात पत्ता कायमचा भरलेला असला, की मात्र अडते. त्यात खुडबूड करू नये, सोमवारी बिचाऱ्याचे ऑफिसात अडेल. मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग करून पाहावे. वाय-फायची सेटिंग जशीच्या तशी राहते.

आम्ही गेस्टचा पासवर्ड कागदावर लिहून बैठकीत लावतो आणि ईदनंतर बदलतो. घरचा टीव्ही, प्रिंटर पुन्हा जोडायची कटकट नाही.