दुसरी बाटली

जुलै २०२३मध्ये मी कॅलिफोर्नियात भाच्याकडे मुक्कामाला होतो. भाचा संगणकाच्या नोकरीत. शौक एकच, बिअरचा. मी पडलो चहाबाज. पण सहज त्याचा फ्रीज उघडला आणि थक्क झालो. वीस-बावीस डबे, आणि एकासारखा दुसरा नाही!

"एकदा चव घेतली, मोबाइलवर नोंद केली, मार्क दिले, की झालं. तीच पुन्हा कशाला घ्यायची, मामा?" त्याचं साधं गणित.

त्याच आठवड्यात बातमी आली. सॅन फ्रान्सिस्कोची अँकर ब्रुअरी बंद होणार. भाच्याचा चेहरा पडला. शनिवारी आम्ही दोघे पोट्रेरो हिलवर गेलो, तर तिथे ही भली मोठी रांग. शेवटच्या बाटल्या नेण्यासाठी माणसं उन्हात उभी होती.

या अँकरची कथा ऐकण्यासारखी आहे. स्थापना १८९६ची. तिची खास बिअर 'स्टीम'. थंडाव्यात काम करणारं यीस्ट, पण त्या काळी पुरेसा बर्फ मिळत नसे; म्हणून तिथले कारागीर ते उबदार हवेतच, उथळ पसरट हौदांत आंबवत. अडचणीतून जन्मलेली चव! १९६५मध्ये ही ब्रुअरी बुडायला आली, तेव्हा वॉशिंग मशीनवाल्या मेटॅग घराण्यातल्या फ्रिट्झ नावाच्या तरुणाने ती विकत घेऊन सावरली. १९७५मध्ये त्याने 'लिबर्टी एल' काढली. कॅस्केड जातीच्या हॉप्सच्या फुलांचा दरवळ असलेली. १९७८मध्ये अध्यक्ष कार्टर यांच्या सहीने घरी बिअर बनवणं कायदेशीर झालं. हौशी मंडळींनी घरात प्रयोग केले, आणि त्यांतलेच काही कारखानदार झाले. १९८०मध्ये चिको गावात 'सिएरा नेवाडा' उभी राहिली ती अशीच. त्या सुमाराला साऱ्या अमेरिकेत शंभरही ब्रुअऱ्या नव्हत्या. आज नऊ हजारांवर आहेत.

हे कुणी केलं? ग्राहकांनी. सगळीकडे मिळणाऱ्या एकाच पांचट चवीला कंटाळून, दोन पैसे जास्त मोजून छोट्या माणसाचा माल घेणाऱ्यांनी.

पण जीभ एकदा सैल सुटली की थांबते थोडीच? आधी कडवटपणाची चढाओढ लागली. अधिक हॉप्स, अधिक कडू. मग व्हर्माँटकडची गढूळ, संत्र्याच्या रसासारखी दिसणारी बिअर आली आणि कडू मागे पडली. मग फळं घातलेली आंबट. आता पुन्हा साध्या, हलक्या लागरची ओढ लागली आहे म्हणतात. मुक्काम कुठेच नाही. २०२४मध्ये तर अमेरिकेत नव्या उघडलेल्या छोट्या ब्रुअऱ्यांपेक्षा बंद पडलेल्या जास्त होत्या.

रांगेत उभ्या उभ्या मी भाच्याला विचारलं, "याआधी अँकरची बाटली कधी घेतली होतीस रे?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सात-आठ वर्षं झाली असतील, मामा."

अँकर केवळ यामुळे बुडाली, असं मी म्हणणार नाही. २०१७मध्ये ती एका जपानी कंपनीकडे गेली होती. पुढे करोना आला, महागाई आली. पण त्या रांगेतला प्रत्येक जण वर्षाला चार बाटल्या नेत असता तर? हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

मद्याची भलामण मला करायची नाही. ते शरीराला काय करतं हे सर्वांना ठाऊक आहे. चवी बदलू नयेत, असंही नाही. त्या बदलल्या नसत्या तर ही छोटी माणसं उभीच राहिली नसती. माझं म्हणणं एवढंच, की पहिली बाटली कुतूहलाने विकली जाते, कारखाना चालतो तो दुसऱ्या बाटलीवर. नव्याचं कौतुक करायला वेळ लागत नाही. पसंत पडलेल्या गोष्टीकडे परत जाणं, ही खरी रसिकता.

परत आल्यावर हा किस्सा मी तावातावाने घरी सांगितला. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपल्या कोपऱ्यावरचा इराणी बंद झाला तेव्हा किती हळहळला होतात! तिथे शेवटचा चहा कधी प्यायला होतात?"

मला आठवेना.

त्या अँकरला २०२४मध्ये नवा मालक मिळाला. आमच्या इराण्याच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. हल्ली मी रविवारी सकाळी मुद्दाम चालत जाऊन दुसऱ्या एका जुन्या हॉटेलात चहा घेतो. मालक आता न विचारता बनमस्का पाठवतो. आणि भाच्याचा परवा फोन होता, म्हणाला, "मामा, फ्रीजमध्ये एकाच बिअरचे सहा डबे आहेत."